सुगम्य तंत्रज्ञान

सुगम्य तंत्रज्ञान म्हणजे दृष्टी, श्रवण, हालचाल, वाचा किंवा आकलन यांत मर्यादा असलेल्या व्यक्तीलाही इतरांच्या बरोबरीने व दुसऱ्याच्या मदतीवाचून वापरता येईल अशा रीतीने घडवलेले तंत्रज्ञान. संगणक, भ्रमणध्वनी, संकेतस्थळे, बँकांची यंत्रे, छापील व अंकीय कागदपत्रे या सर्वांचा त्यात समावेश होतो. केंद्र शासनाच्या 'सुगम्य भारत अभियाना'मुळे (३ डिसेंबर २०१५) 'सुगम्य' हा शब्द मराठीतही रूढ झाला.

साहाय्यक तंत्रज्ञान आणि सुगम्य तंत्रज्ञान या दोन संज्ञा अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. त्यांतील भेद मात्र महत्त्वाचा आहे. पांढरी काठी, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची किंवा पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी संगणकप्रणाली ही साहाय्यक साधने होत. ती व्यक्तीजवळ असतात. सुगम्यता हा समोरच्या वस्तूचा गुण आहे. चाकाची खुर्ची कितीही उत्तम असली तरी कचेरीला पायऱ्याच असतील तर ती दारात थांबते. त्याचप्रमाणे उत्तम वाचनप्रणाली असूनही समोरचा अर्ज छायाचित्राच्या स्वरूपात असेल तर ती मुकी होते. दिव्यांगांना साधने वाटण्याचे कार्यक्रम होतात, त्यांची छायाचित्रेही छापून येतात. ज्या वस्तूंवर ती साधने चालवायची, त्या वस्तूंकडे त्या मानाने फारच थोडे लक्ष जाते.

गरज वाढण्याची कारणे

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के व्यक्ती दिव्यांग होत्या. महाराष्ट्रातील संख्या सुमारे २९.६ लाख होती. ही गणना आठ प्रकारांवर आधारलेली होती. पुढे २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले, त्यामुळे हे आकडे आजच्या व्याख्येच्या मानाने कमीच धरावे लागतात. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात २५० कोटींहून अधिक लोकांना किमान एका साहाय्यक साधनाची गरज आहे आणि २०५० पर्यंत ही संख्या ३५० कोटींवर जाईल. या वाढीमागे मुख्यतः वाढते आयुर्मान आहे. साठीनंतर अक्षरे बारीक वाटू लागणे, ऐकू कमी येणे, पडद्यावर बोट स्थिर न राहणे या गोष्टी बहुतेकांच्या वाट्याला येतात, पण असे लोक स्वतःला दिव्यांग म्हणवत नाहीत आणि कोणत्याही गणनेत येत नाहीत.

दुसरे कारण लोकसंख्येशी निगडित नाही. पूर्वी बँकेत, टपाल कार्यालयात किंवा तलाठ्याकडे माणूस बसलेला असे. दृष्टिहीन व्यक्ती त्याला विचारू शकत असे. ते काम पडद्यावर गेल्यावर विचारायला कोणी उरले नाही. वीजबिल, रेल्वेचे आरक्षण, सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र या सर्वांसाठी आता संकेतस्थळ किंवा ॲप वापरावे लागते. जो मार्ग सर्वांसाठी सोयीचा झाला तोच काहींसाठी एकमेव असूनही बंद झाला, अशी ही विचित्र अवस्था आहे.

थोडा इतिहास

फ्रान्समधील लुई ब्रेल (१८०९–१८५२) याने सहा टिंबांची स्पर्शलिपी तयार केली. भारतीय भाषांसाठी तिचे 'भारती ब्रेल' हे समान रूप १९५१ साली स्वीकारण्यात आले आणि मराठी ब्रेल त्यावरच आधारलेले आहे. अमेरिकेत रे कर्झवाइल यांनी १९७६ साली छापील पान वाचून बोलणारे यंत्र लोकांसमोर आणले. १९८९ साली डॉस या संगणकप्रणालीसाठी 'जॉज' ही वाचनप्रणाली निघाली. तिची किंमत बहुतेक भारतीय वापरकर्त्यांच्या आवाक्याबाहेर होती. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 'एनव्हीडीए' ही विनामूल्य व मुक्तस्रोत प्रणाली लिहिण्यास आरंभ केला, आणि संगणक घेऊ शकणाऱ्या कोणालाही वाचनप्रणाली मिळण्याचा मार्ग खुला झाला. २००९ साली आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' व अँड्रॉइडमध्ये 'टॉकबॅक' आले. तेव्हापासून बहुतेक स्मार्टफोनांत ही सोय अंगभूतच असते. ती आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते.

स्क्रीन रीडर कसा चालतो

स्क्रीन रीडर, म्हणजे पडदावाचक, पडद्याचे चित्र पाहत नाही. पडद्यामागे संगणकाने साठवलेला मजकूर आणि त्याची रचना तो वाचतो व कृत्रिम आवाजाला किंवा ब्रेल पट्टीला पुरवतो. या एका वाक्यात सुगम्यतेचे बहुतेक नियम सामावलेले आहेत. जे पडद्यावर दिसते पण मागे नोंदलेले नसते, ते पडदावाचकाच्या लेखी अस्तित्वातच नसते.

टॉकबॅक सुरू असलेल्या फोनवर एका बोटाने स्पर्श केला की त्या जागी काय आहे ते ऐकू येते. दोनदा टिचकी मारली की ते उघडते. बोट उजवीकडे सरकवले की पुढच्या घटकावर जाता येते. ॲप बनवणाऱ्याने चित्ररूप बटणाला नाव दिले नसेल तर ऐकणाऱ्याला केवळ 'बटण', पुन्हा 'बटण', पुन्हा 'बटण' असे ऐकू येते. त्यांतील कोणते पैसे पाठवते आणि कोणते व्यवहार रद्द करते हे कळण्याचा मार्ग नसतो. हे नाव देण्यासाठी लागणारे काम एका ओळीचे असते.

संगणकावर कळफलकाचा वापर होतो. 'एच' ही कळ दाबली की जॉज व एनव्हीडीए संकेतस्थळाच्या पानावरील पुढच्या शीर्षकावर उडी घेतात, त्यामुळे लांबलचक पान काही क्षणांत चाळता येते. मात्र ते शीर्षक 'शीर्षक' म्हणून नोंदलेले हवे. अक्षरे मोठी व ठळक केल्याने डोळ्यांना शीर्षक दिसते, पडदावाचकाला तो साधा परिच्छेदच वाटतो. वर्डमध्ये प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी शीर्षकाची शैली वापरण्याची सवय लावून घेतली, तर अनुक्रमणिकाही आपोआप तयार होते. चित्रांसाठी 'पर्यायी मजकूर' द्यायचा असतो. तो चित्राचे वर्णन करणारा असावा. 'फोटो १' असे लिहिणे म्हणजे न लिहिण्यासारखेच.

संकेतस्थळांसाठीचे सर्वमान्य निकष वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम ही संस्था प्रसिद्ध करते. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ साली, दुसरी २००८ साली निघाली, तर २.२ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध झाली. मजकूर जाणवण्याजोगा, हाताळता येण्याजोगा, समजण्याजोगा आणि निरनिराळ्या साधनांवर टिकणारा असावा, ही त्यांची चार तत्त्वे आहेत. मधल्या पातळीच्या निकषानुसार साध्या आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांतील उठाव किमान ४.५ : १ असावा लागतो. फिकट राखाडी अक्षरांची आजची फॅशन या निकषात बहुधा बसत नाही. भारतात शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत.

मराठी मजकुराचा प्रश्न

इंग्रजीत जे सहज साधते ते मराठीत अडते, याचे मुख्य कारण अक्षरांच्या साठवणुकीत आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरी छपाईसाठी एक युक्ती सर्रास वापरली जाई. संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरांचेच क्रमांक ठेवायचे, पण फाँटमध्ये त्या जागी देवनागरी आकृती काढायच्या. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा अनेक फाँटमालिका या पद्धतीने चालत. कृतिदेव फाँटमध्ये लिहिलेला 'मराठी' हा शब्द डोळ्यांना 'मराठी' असाच दिसतो, संगणकाच्या स्मृतीत मात्र 'ई, जे, के, बी, एच' ही पाच रोमन अक्षरे असतात. पडदावाचक तीच वाचतो. एक संपूर्ण परिपत्रक अशा रीतीने ऐकणे म्हणजे काय असेल याची कल्पना वाचकाने करावी. शिवाय एका मालिकेचे क्रमांक दुसरीशी जुळत नाहीत, त्यामुळे रूपांतराची साधनेही प्रत्येकीसाठी वेगळी लागतात.

या गोंधळावरचे उत्तर फार पूर्वीच उपलब्ध झाले होते. भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे प्रमाण १९९१ साली मान्य झाले आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तरीही छपाई व्यवसायात जुने फाँट दीर्घकाळ टिकले. पानाची मांडणी करणारी सॉफ्टवेअरे देवनागरी युनिकोड नीट हाताळत नसत, वर्षानुवर्षांची सवय व साठवलेली कामे जुन्या फाँटांतच होती, आणि छापलेल्या पानावर फरक कोणालाच दिसत नव्हता. त्यामुळे त्या काळातील हजारो मराठी पुस्तके, अंक व परिपत्रके अंकीय स्वरूपात असूनही वाचनप्रणालीसाठी निरुपयोगी आहेत. त्यांचा शोधही घेता येत नाही, म्हणजे तोटा डोळस वाचकाचाही आहे.

दुसरा अडथळा छायाचित्रांचा. कागदावर सही-शिक्का झाला की तो स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवायचा, ही अनेक कार्यालयांची रीत आहे. अशा पीडीएफमध्ये मजकूर नसतो, पानाचे चित्र असते. शाळांच्या सूचना, गृहसंस्थेचे हिशेब, पाणीपुरवठा बंद असल्याची बातमी हे सारे व्हॉट्सॲपवर रंगीत चित्र करून पाठवण्याची चालही तशीच. प्रकाशीय अक्षरओळख, म्हणजे ओसीआर, चित्रातून मजकूर काढून देते. तिची मराठीतील क्षमता सुधारली आहे. पण जोडाक्षरे, पुसट छपाई, तक्ते व हस्ताक्षर यांत ती चुकते, आणि रक्कम किंवा अंतिम तारीख चुकली तर बाकीचे पान बरोबर असून उपयोग नसतो.

युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूरही आपोआप निर्दोष ठरत नाही. विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह, दंडाऐवजी रोमन 'एल', अनुस्वार न सापडल्याने त्याजागी भलतेच टिंब अशा तडजोडी डोळ्यांना चालतात, यंत्राला चालत नाहीत. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले, पण 'अ'वर चंद्र देऊनही ते लिहिले जाते. दोन्ही दिसतात सारखी, साठतात वेगळी. म्हणून एका पद्धतीने लिहिलेला 'ॲप' दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील अर्ध्या 'र'चीही हीच कथा आहे.

उच्चाराची अडचण याहून सूक्ष्म आहे. मराठीत च, ज, झ या वर्णांचे तालव्य व दंततालव्य असे दोन उच्चार आहेत, पण लिपीत त्यांसाठी एकच चिन्ह आहे. 'हे जग' आणि 'तू जग' यांतील 'ज' वेगळा, 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' वेगळा. मराठी माणूस संदर्भावरून जाणतो, यंत्राला शब्दकोश व संदर्भ दोन्ही लागतात. अंत्य व मधल्या 'अ'चा लोप कुठे होतो तेही त्याला शिकवावे लागते. एक ते शंभर अंकांची नावे मराठीत इतकी अनियमित आहेत की ती नियमाने घडवता येत नाहीत, एकेक साठवावी लागतात. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या प्रणालीत मराठीची सोय आहे. तिचा आवाज यांत्रिक असला तरी फार वेगाने ऐकण्याचा सराव असलेल्यांना तोच पसंत पडतो. अँड्रॉइडवरही मराठी आवाज मिळतो. तो निवडलेला नसल्यास मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जातो, आणि 'चमचा' किंवा 'जहाज' यांचा उच्चार कानाला खटकतो.

पैशाचे व्यवहार

नाणी व नोटा स्पर्शाने ओळखणे हे दृष्टिहीन व्यक्तीचे रोजचे कौशल्य. २०१६ नंतर आलेल्या नव्या मालिकेत नोटांचे आकार बदलले. १०० रुपयांची नोट १४२ मिलिमीटर, २०० ची १४६ आणि ५०० ची १५० मिलिमीटर लांब आहे. रुंदी तिन्हींची ६६ मिलिमीटरच. चार मिलिमीटरचा फरक शेजारी ठेवलेल्या नोटांत कळतो, भाजीवाल्यासमोर हातात आलेल्या एकट्या नोटेत कळत नाही. कडेच्या उठावदार तिरप्या रेषा नोट मळल्यावर झिजतात. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मणी' हे नोट ओळखणारे ॲप उपलब्ध केले. ते उपयुक्त आहे, पण प्रत्येक नोटेसाठी फोन काढावा लागणे ही काही नोटेच्या रचनेतील उणिवेची भरपाई नव्हे.

बोलणारे एटीएम भारतात २०१२ साली युनियन बँकेने अहमदाबादमध्ये सुरू केले. १ जुलै २०१४ पासून बसवली जाणारी सर्व नवी एटीएम बोलणारी व ब्रेल कळफलकाची असावीत, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. या कामात मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांसाठीच्या साधनकेंद्राचा सहभाग होता. यंत्रात सोय असणे आणि ती चालू असणे यांत मात्र अंतर असते. इअरफोनची खाच बिघडली की ते एटीएम पुन्हा मुके होते. दुकानांतील कार्डयंत्रांचा प्रवास तर उलटा झाला. पूर्वीच्या यंत्रांना कळा होत्या आणि पाचाच्या कळेवर टिंब असे. नव्या यंत्रांचा काचेचा सपाट पडदा हाताला काहीच सांगत नाही, म्हणून गुप्त क्रमांक दुकानदाराला सांगण्याची वेळ येते. याउलट, पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारी पेटी गर्दीतल्या सर्व विक्रेत्यांसाठी निघाली आणि दृष्टिहीन विक्रेत्याला अनायासे उपयोगी पडली.

ग्राहकाची ओळख पटवण्याच्या अंकीय पद्धतीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्यास सांगितले जाते. आम्लहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना ते अशक्य असते. प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल देताना अंकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला आणि ही पद्धत सुगम्य करण्यासाठी २० निर्देश दिले.

श्रवण व हालचाल

कर्णबधिर व्यक्तींच्या अडचणी वेगळ्या आहेत. तक्रारीसाठी केवळ दूरध्वनी क्रमांक देणारी सेवा त्यांच्यासाठी नसल्यातच जमा असते. चित्रफितींना मराठी शब्दपट्ट्या असणे अजून विरळच. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. म्हणून जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांची लिखित मराठी ही दुसरी भाषा असते आणि कार्यालयीन मराठी त्यांना जड जाते. नवी दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र (२०१५) या भाषेचा कोश तयार करते. २०२१ पर्यंत त्यात १० हजार संज्ञा झाल्या होत्या.

हात नीट चालत नसलेल्यांसाठी बोलून लिहिण्याची सोय मोलाची आहे. गूगलने २०१७ साली मराठीसह आठ भारतीय भाषांत ती आणली. आज तिचा सर्वाधिक वापर कळफलकाचा कंटाळा असलेले धडधाकट लोकच करतात.

शिक्षण व नोकरी

स्वयंचलित दूरध्वनी केंद्रे येईपर्यंत कार्यालयांतील दूरध्वनीचालकाचे काम ही दृष्टिहीनांसाठी एक ठरलेली नोकरी होती. ती संपली. संगणकाने त्याहून विस्तृत क्षेत्र खुले केले. पडदावाचकाच्या साहाय्याने हिशेबाचे तक्ते, पत्रव्यवहार, भाषांतर, अध्यापन, आज्ञावली लिहिणे ही कामे स्वतंत्रपणे करता येतात. अडथळा बहुधा कर्मचाऱ्याच्या क्षमतेत नसतो, कार्यालयाच्या अंतर्गत प्रणालीत असतो. हजेरी, रजा आणि नस्ती यांसाठी विकत घेतलेले सॉफ्टवेअर माउसशिवाय चालत नसेल तर नेमणूक झालेला माणूस दिवसभर रिकामा बसतो आणि त्याला काम जमत नाही असा शेरा पडतो. खरेदीच्या निविदेत सुगम्यतेची अट घातल्यास हा प्रश्न पुष्कळ अंशी उद्भवतच नाही. नंतर दुरुस्ती करणे नेहमीच महाग पडते.

परीक्षांसाठी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी लेखनिक, तासाला किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ आणि संगणकावर किंवा ब्रेलमध्ये उत्तरे लिहिण्याचा पर्याय दिला. व्यवहारात लेखनिकावरच भिस्त राहते. विषयाची जाण नसलेला लेखनिक मिळाला तर गणितातील चिन्हे व संस्कृत शब्द यांची वाट लागते, हे परीक्षा केंद्रांवर काम केलेल्या कोणाही शिक्षकाला ठाऊक आहे.

कायदा

संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगांच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी संमत झाला. भारताने तो १ ऑक्टोबर २००७ रोजी स्वीकारला. त्याला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागा त्याने तीनवरून चार टक्के केल्या. कलम ४२ माहिती व संवादाच्या साधनांविषयी आहे, तर कलम ४६ सेवा पुरवणाऱ्यांना, मग ते शासकीय असोत वा खासगी, नियम प्रसिद्ध झाल्यापासून दोन वर्षांत सेवा सुगम्य करण्यास बांधील करते. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ही मुदत २०१९ मध्येच संपली. पहिल्या उल्लंघनाला दंड १० हजार रुपयांपर्यंत आहे. मोठ्या कंपनीला तो जाणवणेही कठीण.

राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सुगम्यता सक्तीची करतो, पण हा नियम मानकांना केवळ शिफारशीचे रूप देतो, असे कारण न्यायालयाने दिले आणि किमान सक्तीचे निकष तीन महिन्यांत ठरवण्यास सांगितले.

सुगम्य पुस्तके

२०१२ च्या दुरुस्तीने भारतीय प्रताधिकार कायद्यात दिव्यांगांसाठी सुगम्य प्रती तयार करण्याची मुभा आली. त्यासाठी दर वेळी प्रकाशकाची परवानगी घ्यावी लागत नाही. २०१३ च्या मराकेश कराराने अशा प्रती देशोदेशी पाठवण्याचा मार्ग मोकळा केला, आणि तो स्वीकारणारा भारत हा पहिला देश ठरला (२०१४). २०१६ साली सुरू झालेले 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय नोंदणीकृत वाचकांना भारतीय भाषांतील पुस्तके पुरवते. मुंबईची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड (स्थापना १९५२) ब्रेल व ध्वनिमुद्रित पुस्तके तयार करते.

छापील मराठी पुस्तक सुगम्य करायचे तर ते स्कॅन करणे, ओसीआर करणे आणि मग ओळ न् ओळ मुद्रितशोधन करणे अशा तीन पायऱ्या असतात. तिसरी सर्वाधिक वेळ घेते आणि ती बहुतांशी स्वयंसेवक करतात. प्रकाशकाकडे युनिकोडमधील मूळ धारिका असेल व त्याने ती दिली, तर पहिल्या दोन पायऱ्या पूर्ण वगळता येतात आणि तिसरीतही शीर्षके व तळटीपा खुणावण्यापलीकडे फारसे काम उरत नाही.